ऑफ द वॉल

ऑफ द वॉल हा अमेरिकन गायक मायकल जॅक्सन यांचा पाचवा एकल अल्बम असून तो १० ऑगस्ट १९७९ रोजी एपिक रेकॉर्ड्सने प्रकाशित केला. निर्माते क्विन्सी जोन्स यांच्यासोबतचा जॅक्सन यांचा हा पहिला अल्बम होय.

थ्रिलरशी तुलना

ऑफ द वॉल श्रेष्ठ की थ्रिलर (१९८२), हा जॅक्सन यांच्या चाहत्यांमधील जुना वाद आहे. विक्रीत तुलनाच संभवत नाही. थ्रिलर बिलबोर्डच्या अल्बम-यादीत ३७ आठवडे अग्रस्थानी होता. ऑफ द वॉल तिसऱ्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. वाद आहे तो गुणवत्तेचा. डिस्को, फंक व सोल यांचा एकजीव मेळ आणि विशीतल्या गायकाचा मोकळा, उल्हसित स्वर थ्रिलरमध्ये पुन्हा सापडत नाही, असे पहिल्या पक्षाचे म्हणणे. थ्रिलरचे समर्थक ‘बिली जीन’कडे बोट दाखवतात. त्या गीतातील भय व संशय आधीच्या अल्बममध्ये नाही, हे मान्य करावे लागते. मात्र दोन्ही अल्बमचे निर्माते जोन्सच असून दोन्ही शीर्षकगीते रॉड टेम्परटन यांनी लिहिली आहेत. त्यामुळे ही विभागणी वाटते तितकी काटेकोर नाही.

ऑफ द वॉलच्या वाट्याला १९८० साली एकच ग्रॅमी पुरस्कार आला. ही उपेक्षा जिव्हारी लागल्याचे आणि पुढील अल्बमकडे दुर्लक्ष होऊ द्यायचे नाही असा निश्चय केल्याचे जॅक्सन यांनी मूनवॉक (१९८८) या आत्मचरित्रात नमूद केले आहे. तो पुढील अल्बम म्हणजे थ्रिलर.