‘मुलांना काय कळतंय?’

आईला किंवा बाबांना कॅन्सर निघाला की घरातली मोठी माणसं पहिलं ठरवतात ते हे, की मुलांना सांगायचं नाही. उपचारांसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जायचं असेल, तर मुलं मामाकडे जातात आणि ‘आई कामाला गेलीय’ असं सांगितलं जातं. हेतू मायेचाच असतो, पण समज चुकीचा आहे. आजीचे रडलेले डोळे, रिपोर्टांची पिशवी, आपण खोलीत शिरताच थांबणारं बोलणं, हे सगळं मुलांना दिसतं. सांगितलं नाही की ती स्वतःच अर्थ लावतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला वाटतं, आपल्या वागण्यानंच गोष्टी घडतात. ‘त्रास देऊ नकोस, आई आजारी पडेल’ हे त्यानं कितीदा तरी ऐकलेलं असतं. मग आई खरंच आजारी पडली, की दोष तो मुकाट्यानं स्वतःवर घेतो.

म्हणून आजाराचं नाव सांगा. तो तुझ्यामुळे झालेला नाही, हे पुन्हा पुन्हा सांगा. डबा कोण करणार, शाळेतून कोण आणणार, हेही सांगा. ‘आई मरेल का?’ असं विचारलं तर खोटं वचन देऊ नका. ‘डॉक्टर बरं करायचा प्रयत्न करताहेत, काही बदललं तर तुला सांगू’ हे उत्तर खरं आहे आणि मुलाला पेलतं.

‘जवळ घेतलं तर मुलाला होईल’ हा दुसरा गैरसमज. कॅन्सर संसर्गजन्य नाही. केमो चालू असतानाही मुलाला कुशीत घेता येतं. जपायचं ते रुग्णाला, कारण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. मुलाला ताप, कांजिण्या असतील तर लांब राहावं. केमोनंतर साधारण 48 तास उलटी-लघवी साफ करताना हातमोजे घालावेत. अंगावर पाजणं मात्र केमोच्या काळात थांबवावं लागतं. बाहेरून दिलेल्या रेडिएशनचे किरण शरीरात उरत नाहीत. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलं असेल, तर मात्र काही दिवस अंतर ठेवायचं.

‘आता मुलांनाही होणार’ हेही बहुतेकदा खरं नसतं. 100पैकी साधारण 5 ते 10 कॅन्सरच आनुवंशिक असतात.

‘मी आई म्हणून कमी पडतेय’ असं वाटणाऱ्यांनो, पडल्या पडल्या पाढे ऐकणंही आईपणच आहे. वर्गशिक्षकांना कळवा, आणि मुलांशी कसं बोलायचं हे रुग्णालयातल्या समुपदेशकांना निःसंकोच विचारा.