फूकिए-तँव्हीलचं दप्तर

पॅरिसच्या क्रांतिकारी न्यायाधिकरणाची गोष्ट नेहमी गिलोटिनपासून सुरू होते. पण पातं सांगकामं होतं. डोकं चाले ते सरकारी वकिलाच्या दप्तरात. १० मार्च १७९३ रोजी हे न्यायालय उभं राहिलं, तेव्हा आदल्या सप्टेंबरात जमावाने तुरुंगांत घुसून हजाराहून अधिक कैद्यांना कापल्याची आठवण ताजी होती. सरकारनेच कठोर व्हावं, म्हणजे लोकांना कठोर व्हावं लागणार नाही, असा क्रांतिनेता दांतोंचा हिशोब होता. माझ्या मते हा हिशोब फार चोख ठरला: सरकारने रस्त्याच्या हातातला सूड काढून घेतला आणि त्याबरोबर रस्त्याचा वचकही.

सरकारी वकील आंत्वान फूकिए-तँव्हील हा जुन्या राजवटीतच वकिली शिकलेला, कागदात मुरलेला माणूस. इथे ज्यूरीने मत मोठ्याने, भर कोर्टात द्यायचं असे. श्रोत्यांनी भरलेल्या दालनात ‘निर्दोष’ म्हणायला छाती लागे. तरी एप्रिल १७९३ मध्ये जहाल पत्रकार मारा निर्दोष सुटला. मग एकेक अडसर निघत गेला. ऑक्टोबरात मवाळ गटाच्या जिराँदिस्त पुढाऱ्यांचा खटला लांबू लागताच, तीन दिवसांनंतर ज्यूरीने ‘आमची खात्री पटली’ म्हणण्याची सोय झाली. १० जून १७९४ च्या कायद्याने बचावाचा वकील गेला. उरले दोनच निकाल, सुटका किंवा मृत्यू. पुढच्याच आठवड्यात ५४ जणांना एकाच कटात गोवून, पितृघातक्यांचे लाल सदरे चढवून मारलं. त्यांतल्या अनेकांची आपसांत ओळखही नव्हती; ओळख काय ती आरोपपत्राने करून दिली. त्या कायद्यानंतरच्या सात आठवड्यांत पॅरिसमध्ये तेराशेहून अधिक मुंडकी उडाली, आधीच्या पंधरा महिन्यांत मिळून उडाली त्याहून जास्त.

यावर कोणी म्हणेल, देशावर युद्ध होतं. होतं, आणि देशभरातल्या बहुतेक शिक्षा यादवीच्या मुलखांतच झाल्या. पण २६ जूनला फ्ल्यूरसची लढाई जिंकल्यावरही पॅरिसचा आकडा उतरला नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून प्रांतांतले राजकीय खटले राजधानीत आणले गेले, म्हणून तो फुगला, हेही खरं; मात्र सगळी शिक्षा एका दप्तरात गोळा करणं हाच तर माझा मुद्दा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दहशत लोकांनीच मागितली होती. ५ सप्टेंबर १७९३ ला पॅरिसचे कारागीर आणि मजूर भाकरी व गद्दारांना शासन मागत राष्ट्रसभेवर चालून गेले. त्याच महिन्यात संशयितांचा कायदा आला, भाव बांधले गेले. मागणी मान्य झाली, यात शंका नाही. पण त्याच दिवसांत शहराच्या ४८ विभागांच्या रोजच्या सभा आठवड्यातून दोनांवर आल्या. पुढच्या मार्चमध्ये रस्त्याचा आवाज म्हणवणाऱ्या एबेरला याच न्यायालयाने गिलोटिनवर धाडलं आणि गल्लीतून उभी राहिलेली क्रांतिसेना विसर्जित झाली. २३ जुलैला पॅरिसच्या मजुरांची मजुरीही कायद्याने बांधली. अनेकांच्या हातात आधीपेक्षा कमी पडणार होतं. चार दिवसांनी राष्ट्रसभेने दहशतीचा म्होरक्या रोबेस्पिएर याला अटक केली; त्याला वाचवायला नगरपालिकेने हाक दिली, तेव्हा बहुतेक विभाग राष्ट्रसभेकडे गेले; पालिकेच्या चौकात जमलेले काही तोफची रात्री उशिरापर्यंत हुकमाची वाट पाहून घरी परतले.