यीस्टमधील कवकविरोधी औषधरोध

यीस्टमधील कवकविरोधी औषधरोध म्हणजे एरवी वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या मात्रेतही रोगकारक यीस्टची वाढत राहण्याची क्षमता होय. कॅन्डिडा व क्रिप्टोकॉकस या प्रजातींमध्ये तो वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

यीस्टची पेशी मानवी पेशीप्रमाणेच दृश्यकेंद्रकी असते. त्यामुळे रुग्णाला फारसा अपाय न करता यीस्टवर परिणाम करणाऱ्या औषधांचे गट मोजकेच आहेत आणि एक गट निकामी झाल्यास पर्याय झपाट्याने कमी होतात. फ्लुकोनॅझोलसारखी अ‍ॅझोल औषधे पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखतात. अँफोटेरिसिन-बीसारखी पॉलिईन औषधे अर्गोस्टेरॉललाच बांधली जातात, तर एकायनोकँडिन औषधे पेशीभित्तिकेतील ग्लुकॅनची निर्मिती थांबवतात. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीत शोधले गेलेले हॅमायसिन हे पॉलिईन गटातील आहे. ते ज्या जीवाणूपासून मिळते, त्याचे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव पिंपरीवरून पडले आहे.

औषधरोधाच्या यंत्रणा

यीस्टच्या विभाजनात उत्परिवर्तने यदृच्छया घडतात. औषधाच्या सान्निध्यात संवेदनशील पेशी मागे पडतात व रोधक पेशींची संख्या वाढते. प्रमुख यंत्रणा पुढीलप्रमाणे आहेत :

* लक्ष्यातील बदल : ईआरजी-११ जनुकातील उत्परिवर्तनामुळे अ‍ॅझोल औषध संबंधित विकराला नीट बांधले जात नाही. एफकेएस-१ जनुकातील बदलांमुळे एकायनोकँडिनचा प्रभाव घटतो.
* लक्ष्याचे अतिउत्पादन : विकराचे प्रमाण वाढल्याने औषधाची नेहमीची मात्रा अपुरी पडते.
* उत्सर्जन पंप : पेशीपटलातील प्रथिने औषध पेशीबाहेर टाकतात.
* गुणसूत्रसंख्येतील बदल : अतिरिक्त गुणसूत्रांमुळे रोधास साहाय्यक जनुकांच्या प्रती वाढतात.
* जैवपटल : कॅथेटरसारख्या उपकरणांवर साचणाऱ्या थरातील पेशींपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही.

कॅन्डिडा ऑरिस

या जातीचे वर्णन प्रथम २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातील नमुन्यावरून करण्यात आले. दिल्लीतील रुग्णांमध्ये ती आढळल्याचे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील यीस्ट फ्लुकोनॅझोलला दाद देत नव्हते. काही विभेद तिन्ही प्रमुख औषधगटांना रोधक असतात. ही जाती त्वचेवर व रुग्णालयातील पृष्ठभागांवर दीर्घकाळ टिकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तिचा समावेश अतिमहत्त्वाच्या रोगकारक कवकांच्या गटात केला.

प्रतिबंध

जातीची अचूक ओळख, औषधसंवेदनशीलता चाचणी, औषधांचा योग्य मात्रेत व आवश्यक तेवढाच वापर, हातांची स्वच्छता आणि गरज संपताच कॅथेटर काढणे हे प्रमुख उपाय आहेत. जीवाणूंवरील प्रतिजैविके यीस्टवर परिणाम करत नाहीत. उलट, त्यांच्या अनावश्यक वापरामुळे शरीरातील उपकारक जीवाणू कमी होऊन यीस्टच्या वाढीस वाव मिळतो.