तीस चिठ्ठ्या आणि एक अडलेला शब्द

ज्यांचे हेडफोन नेमके बसमध्ये चढल्यावर घरी राहिलेले आठवतात, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लेखी रूप.

गेल्या १० डिसेंबरला, म्हणजे मानवी हक्क दिनाला, एका कॉलेजनं मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. १९४८ साली याच तारखेला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा मंजूर केला. ४८ देश बाजूनं, ८ तटस्थ, विरोधात एकही नाही. मला वाटलं होतं दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं लांबलचक भाषण (म्हणजे माझंच), चहा-समोसा, संपलं. पण मुलांनी वेगळंच ठरवलं होतं. जाहीरनाम्यात तीस कलमं, म्हणून डब्यात तीस चिठ्ठ्या. जे कलम येईल ते स्टेजवर जाऊन वाचायचं आणि आपल्या भाषेत समजावून सांगायचं.

पहिल्याच कलमावर गाडी अडली. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र, प्रतिष्ठेनं आणि हक्कांनी समान, आणि त्यांनी एकमेकांशी बंधुत्वाच्या भावनेनं वागावं, असा त्याचा अर्थ. वाचणारी मुलगी थांबली आणि म्हणाली, "बंधुत्व? मग मी कुठे आहे यात?"

हॉल हसला. पण मंडळी, हाच प्रश्न हा जाहीरनामा लिहिला जात असतानाही कुणीतरी विचारला होता, आणि ती बाई भारतातली होती.

हंसा मेहता. सुरतेत जन्म, आपल्या संविधान सभेच्या सदस्य. मसुदा ज्या मानवी हक्क आयोगात घडत होता त्यात १८ देश होते आणि तिथे प्रतिनिधी म्हणून बसलेल्या बायका दोनच: अध्यक्ष एलेनॉर रूझवेल्ट आणि हंसाबेन. मसुद्यात सुरुवातीला 'ऑल मेन' असं लिहिलं होतं. रूझवेल्टबाईंना त्यात फार अडचण वाटत नव्हती, कारण इंग्रजीत 'मेन' म्हटलं की बायकाही आल्याच असं त्यांच्याकडे समजलं जायचं. हंसाबेनचं म्हणणं होतं की काही देश याचा अर्थ सरळ 'फक्त पुरुष' असा लावतील. शेवटी शब्द बदलला, 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झालं.

भीती खोटी नव्हती हं. अमेरिकेच्या १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन' समान आहेत असंच लिहिलंय. तिथल्या बायकांना देशभर मतदानाचा हक्क संविधानात मिळाला १९२० साली. १४४ वर्षं!

आपल्याकडेही बघा ना. "दारात एक माणूस उभा आहे" म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोण आलं? बाई असेल तर आपण वेगळं सांगतो.

बरं, मग 'बंधुत्व' कसं राहिलं? आधीच्या मसुद्यात 'भावांसारखं वागावं' असं होतं, त्याचं 'ब्रदरहूडच्या भावनेनं' झालं, आणि तिथेच थांबलं. मराठीत तेच उतरलं. मला विचाराल तर ते काम अर्धवट राहिलं. मुलांनी 'आपुलकी' सुचवलं, एकानं 'सख्य'. एक सर म्हणाले, मूळ मजकूर आहे तसाच वाचा, वाद नंतर घाला. त्या मुलीनं तसाच वाचला, आणि वादही घातला.

पुढची कलमं भराभर झाली. चोविसावं आलं एका मुलाकडे, जो रात्री घरोघरी जेवण पोचवतो. विश्रांतीचा हक्क, कामाच्या तासांना मर्यादा, आणि पगारी सुट्टी. ते शब्द वाचताना त्यालाच हसू आलं. मग त्यानं मला विचारलं, "सर, हे कुणाला दाखवायचं?"

खरं उत्तर जरा कडू आहे. जाहीरनामा हा कायदा नाही. तो दाखवून कोणी सुट्टी देणार नाही. त्याच्या आधारानं १९६६ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय करार झाले, ते मात्र सरकारांना बांधून घेतात. भारत त्यांत १९७९ मध्ये सामील झाला, आणि त्यातल्या एका करारात पगारी सुट्टी आहे. पण देशातल्या कायद्यात ती मिळते 'कामगार' किंवा 'कर्मचारी' म्हणून. आपल्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग वर्कर हा शब्द आला खरा, पण व्याख्या अशी की नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा. म्हणजे सुरक्षेच्या योजनांत नाव घेता येतं, पगारी सुट्टीच्या रांगेत नाही.

तो म्हणाला, "ॲपमध्ये तर मला पार्टनर म्हणतात."

मागून पहिल्या कलमवाली मुलगी ओरडली, "अरे, मग तुझाही शब्दच बदलायला पाहिजे!"

त्यानं चिठ्ठी खिशात घातली. सातला त्याची शिफ्ट होती, तो समोसा न खाताच निघाला.