कडाक्याच्या थंडीत आंब्याची लहान कलमे सांभाळा

निफाड, धुळे भागात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. मोठा आंबा ते सोसतो, पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या कलमाची कोवळी पालवी करपते.

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, त्या रात्री विशेष जपा. जमिनीची ऊब थेट आकाशात निघून जाते आणि गार हवा सखल भागात साचते. म्हणून बांधाखालचे कलम आधी मार खाते.

कलमाभोवती चार काठ्या रोवून संध्याकाळी गोणपाट पांघरा. ते पानांना चिकटू नये आणि जमिनीपर्यंत पोहोचावे, कारण मातीतून वर येणारी ऊबच आत अडवायची आहे. वरून नुसती टोपी घालून फारसे साधत नाही. सकाळी ऊन आले की काढा. दुपारी हलके पाणी द्या. ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते. थंडीच्या तोंडावर नत्र मात्र देऊच नका, नवी पालवी फुटते आणि तीच पहिली जळते.

शेंडे काळे पडले तरी लगेच छाटू नका, ही माझी कळकळीची विनंती. फुटवा कुठून येतो ते फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसेल, मग कात्री लावा.