विमानाचे अंतर आणि तिकिटावरची वेळ

पुणे आणि नागपूर विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. हे महावर्तुळ अंतर (पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर) असते. जेट विमान उंचीवर ताशी साधारण ८०० किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे प्रवास पाऊण तासाचा, असा हिशेब अनेक जण करतात. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. त्यावरून विमान लांबून वळसा घेते, असा समज होतो.

फरकाचे मुख्य कारण वेगळे आहे. तिकिटावर ब्लॉक टाइम (विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या थांब्यावर उभे राहीपर्यंतचा वेळ) दिलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणाच्या परवानगीची वाट पाहणे, वर चढणे, वेग कमी करत उतरणे, हे सारे त्यात येते. पुणे-मुंबई प्रवासाचा वेळ आपण केवळ द्रुतगती मार्गावरच्या वेगावरून काढत नाही. दोन्ही शहरांतल्या गर्दीचा वेळही धरतो. हेही तसेच.

मार्गही अगदी सरळ नसतो. ठरलेले हवाई मार्ग आणि धावपट्टीची दिशा यांमुळे काही किलोमीटर वाढतात. शिवाय हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. त्यामुळे नागपूरकडे जाताना हवेतला वेळ थोडा वाचतो, परतताना वाढतो.

छोट्या टप्प्यांत जमिनीवरचा आणि चढ-उताराचा वाटा मोठा असतो. म्हणून अंतर निम्मे झाले, तरी वेळ निम्मा होत नाही.