विश्लेषण : सिगारपेटीच्या युकुलेलेची किंमत ठरते कशी?

सिगारची रिकामी पेटी, लाकडाची एक दांडी आणि नायलॉनच्या चार तारा. एवढ्या सामानातून घरच्या गॅरेजमध्ये युकुलेले बनवणारे हौशी कारागीर अमेरिकेत पुष्कळ आहेत. वाद्य जमते, मित्रमंडळींना आवडते आणि कोणीतरी विचारते, ‘केवढ्याला देणार?’ हिशेब चुकतो तो इथेच.

सिगारपेटी वाद्यात कशी आली?

अमेरिकेत 1860 च्या दशकातील करकायद्यांमुळे सिगार पेट्यांत भरूनच विकणे बंधनकारक झाले. एकदा वापरलेली पेटी पुन्हा सिगारसाठी वापरायला मनाई होती. त्यामुळे पातळ लाकडाच्या रिकाम्या पेट्या मुबलक मिळू लागल्या. ज्यांना वाद्य विकत घेणे परवडत नव्हते, त्यांनी त्यांचीच फिडल, बॅन्जो आणि गिटार केली. यादवी युद्धातला सैनिक सिगारपेटीचे फिडल वाजवत असल्याचे एडविन फोर्ब्स यांचे 1876 चे चित्र प्रसिद्ध आहे. युकुलेलेचे घराणे वेगळे. 1879 मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून मदेरा बेटावरचे पोर्तुगीज कारागीर होनोलुलूला उतरले. त्यांच्या छोट्या तंतुवाद्यावरून ते हवाईत घडले. 2012 मध्ये पॉल मॅकार्टनी यांनी न्यूयॉर्कच्या मदतनिधी मैफलीत सिगारपेटीची गिटार हाती घेतली, तेव्हा गरजेपोटी जन्मलेले हे वाद्य शौकाचे झाले होते.

75 डॉलरला विकले तर हाती काय?

अमेरिकेत नवशिक्यासाठी कारखान्यात बनलेले युकुलेले पन्नास-साठ डॉलरच्या आसपास मिळते. घरचा कारागीर त्याच्याकडे पाहून बिचकतो आणि ‘75 ठेवू’ म्हणतो. उदाहरणादाखल हिशेब करू. पेटी, लाकूड, खुंट्या, तारा, पडद्यांची तार असे मिळून 40 डॉलरचे सामान धरू आणि आठ तासांचे काम. विक्री ‘एट्सी’ या हस्तकलेच्या संकेतस्थळावर. ग्राहक 75 डॉलर किंमत आणि 15 डॉलर टपालखर्च असे 90 देतो. ‘एट्सी’ची आकारणी अशी : वस्तू मांडण्याचे 20 सेंट, व्यवहारावर 6.5 टक्के (2022 पूर्वी 5 टक्के होते) आणि पैसे स्वीकारण्याचे 3 टक्के अधिक 25 सेंट. टक्केवारी टपालखर्चावरही लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. विक्रीकर बाजूला ठेवला तरी 9 डॉलर गेले. टपाल आणि सामान वजा जाता उरले 26. म्हणजे तासाला सव्वातीन डॉलर! अमेरिकेतील संघराज्याचे किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलर आहे. ग्राहक ‘एट्सी’ने इतरत्र दिलेल्या जाहिरातीतून आला असेल, तर छोट्या विक्रेत्याचे आणखी 15 टक्के जातात आणि उरतात साडेबारा डॉलर.

मग किंमत किती हवी?

हाच हिशेब उलटा मांडला तर किमान वेतन सुटण्यासाठी किंमत 110 डॉलरच्या पुढे जाते. तासाला 15 डॉलर हवे असतील तर साधारण 179. आकडा मोठा वाटतो, पण कारखान्याच्या मालाशी स्पर्धा करण्यात तसाही अर्थ नाही. तिथे घरचा कारागीर हरणारच. ग्राहक इथे येतो तो पेटीवरच्या जुन्या छापील चित्रासाठी, किंवा आजोबांनी जपून ठेवलेल्या पेटीचे काहीतरी व्हावे म्हणून. त्याला ‘स्वस्त’ हा शब्द आकर्षित करत नाही. उलट फार कमी किमतीने त्याला शंकाच येते.

पण वाद्य सुरात हवे...

शंभर डॉलर मागायचे तर ते भिंतीवरची शोभा ठरून चालणार नाही. आणि युकुलेले लहान, म्हणून सोपे, हा समज चुकीचा आहे. 345 मिलिमीटर लांबीच्या तारेवर बाराव्या पडद्यापुढचे अंतर जेमतेम 10 मिलिमीटर असते. तिथे पडदा एक मिलिमीटर सरकला तर सूर अर्ध्या स्वराच्या दहाव्या हिश्शाने ढळतो, आणि कान ते पकडतो. मोठ्या गिटारवर तेवढ्याच चुकीचा परिणाम जवळपास निम्मा. घोडी चुकीच्या जागी बसली तर सगळेच पडदे बेसूर. पुठ्ठ्याची पेटी ताण सोसत नाही. लाकडी पेटीतही दांडी आरपार नेलेली बरी. सैल बिजागरी झणझणते ते वेगळेच. हे सारे तपासून, वाजवतानाची छोटी चित्रफीत टाकणारा विक्रेता जास्त किंमत मागू शकतो.

ऑनलाइनच का?

स्थानिक जत्रांत आणि शेतकरी बाजारात गाळ्याचे भाडे पडते, पण वाद्य हातात घेऊन पाहता येते आणि टपाल वाचते. दुकानात विक्रीसाठी ठेवले तर दुकानदार अनेकदा तिसरा हिस्सा ते निम्मे पैसे ठेवून घेतो. 110 च्या वाद्यावर ते मुळीच परवडत नाही.

खरी बचत वेळेत आहे. पेट्या कितीही वेगवेगळ्या असल्या तरी तारेची लांबी तीच ठेवता येते. म्हणून पडद्यांचा एक साचा करून पाच-सहा दांड्या एकदम कापल्या आणि आठ तासांचे पाच झाले, तर 110 डॉलरच्या त्याच वाद्यावर तासाला साडेअकरा डॉलर सुटतात.